शाळा सोडण्याचे कारण

६ नोव्हेंबर २०२३ ला संध्याकाळी हेडमास्तरांचा फोन आला. "मॅडम, जुनी जनरल रजिस्टरं काढावी लागणार. पहिल्यापासून १९६७ पर्यंतची सगळी. तहसीलचं पत्र आलंय, आणि माळ्यावरचं तुमच्याशिवाय कुणाला सापडायचं नाही."

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. मी या हायस्कूलच्या कार्यालयात एकतीस वर्षं काम केलं. शेवटची अकरा वर्षं मुख्य लिपिक होते. शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, शंभरी कधीच ओलांडलेली. दाखल्याच्या नकलेसाठी १९५०-६० सालची रजिस्टरं मी शेकडो वेळा उघडली होती. त्याआधीची मात्र नुसती जपली होती. डांबराच्या गोळ्या बदलायच्या, उन्हाळ्यात वारा द्यायचा आणि पुन्हा लाल कापडात बांधून ठेवायची. वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

मराठा कुटुंबांना कुणबी म्हणून इतर मागासवर्गाचा दाखला मिळावा यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम तेव्हा सगळीकडे सुरू झालं होतं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आधी मराठवाड्यासाठी नेमली होती, पुढे तिचं काम राज्यभर लागू झालं. कोतवाल बुकं, महसुलाचे जुने नमुने, शाळांची दप्तरं, जिथे म्हणून जातीचा रकाना होता तिथे माणसं जाऊन बसली होती. आम्हाला भरायचं होतं ते प्रपत्र दोन भागांचं: १९४८ पूर्वीच्या नोंदी आणि १९४८ ते १९६७ च्या नोंदी. १९६७ कुठून आलं हे जातपडताळणीचे कागद हाताळलेल्या प्रत्येक लिपिकाला पाठ असतं. १३ ऑक्टोबर १९६७ हा इतर मागासवर्गासाठीचा मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेआधीचा पुरावा लागतो ती तारीख. त्याआधीची नोंद मिळाली की अर्जदाराचा जीव भांड्यात पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला घेऊन माळ्यावर चढले. सर्वांत जुना खंड १९०९ सालचा निघाला. दोन्ही हातांनी उचलावा लागतो एवढा मोठा, पाठीला आणि कोपऱ्यांना चामडं. एका मुलाची नोंद डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानाच्या शेवटी संपते. कसरीने पानांच्या कडा खाल्ल्या होत्या, पण मजकुरापर्यंत पोचली नव्हती. शाईचा काळा रंग जाऊन तपकिरी झाला होता, आणि जिथे टाक जोरात टेकला होता तिथे अक्षराच्या आकाराचं बारीक भोक पडलं होतं. असं पान एका हाताने उलटायचं नाही. खाली पातळ पुठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यासकट उलटायचं. हे मी आलेल्या दोन तरुण कर्मचाऱ्यांना पहिल्यांदा शिकवलं. त्यांना रोजचा आकडा कळवायचा होता, त्यांची घाई मला समजत होती. तरी पहिला अर्धा तास मी कुणाला पानाला हात लावू दिला नाही.

मोडी वाचायला एक निवृत्त तलाठी आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. रजिस्टर इंग्रजीत होतं, त्यामुळे आधी त्यांना वाटलं की आपल्याला इथे काही काम नाही. मग मी त्यांच्यापुढे गठ्ठे ठेवले: मुलांनी येताना आणलेले प्राथमिक शाळेचे दाखले आणि पालकांचे अर्ज. त्यातले निम्म्याहून जास्त मोडीत होते.

आजच्या वाचकाला त्या काळची शिडी सांगायला हवी, नाहीतर नोंदी कळत नाहीत. मुलगा आधी मराठी चार इयत्ता शिकायचा, लोकल बोर्डाच्या नाहीतर म्युनिसिपालिटीच्या शाळेत. मग हायस्कुलात इंग्रजी पहिली. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. ती परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं, एस. एस. सी. बोर्ड फार पुढचं, त्याची पहिली परीक्षा १९४९ ची. वरच्या वर्गांत गणितापासून इतिहासापर्यंत सगळं इंग्रजीतून. खेड्यातली बहुतेक मुलं या शिडीवर चढतच नसत. ती मराठी शाळेतच पुढे शिकून व्हर्नाक्युलर फायनल द्यायची, म्हणजे मास्तर किंवा तलाठी होता यायचं. हायस्कूल म्हणजे तालुक्याला राहण्याची सोय, दरमहा फी, इंग्रजी पुस्तकं. गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवायचा, माधुकरी मागायचा. शेतकऱ्याच्या मुलाला तीही वाट नव्हती.

म्हणून १९०९ च्या खंडात पानामागून पान जातं आणि जातीच्या रकान्यात तेच ते शब्द येतात: ब्राह्मण, ब्राह्मण, प्रभू, ब्राह्मण, गुजर, वाणी, सोनार, पुन्हा ब्राह्मण. पहिल्या दिवशी तीनशेच्या वर नावं पाहिली तेव्हा कुणबी म्हणून सहा नोंदी मिळाल्या. तरुण कर्मचारी हिरमुसले. मला तो आकडा कमी वाटला नाही. जी सहा मुलं त्या काळी इंग्रजी पहिलीपर्यंत आली, ती कशी आली असतील हेच मनात घोळत राहिलं.

त्याच दिवशी खाली सभागृहात विद्यार्थी दिवस चालू होता. ७ नोव्हेंबर. २०१७ पासून राज्यातल्या शाळांत तो साजरा होतो, आणि त्यामागेही एक जनरल रजिस्टरच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. प्रवेश मिळाला, पण वर्गात बसायचं वेगळं, घरून आणलेल्या तरटावर. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले, आणि संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. खालून लाउडस्पीकरवर मुलीचं भाषण ऐकू येत होतं आणि माझ्यापुढच्या पानावर दुसऱ्या भाषेचा रकाना होता: संस्कृत, संस्कृत, संस्कृत, फारसी. त्या एका फारसीसमोरची जात मी वाचली. त्या मुलाने फारसी स्वतःहून निवडली होती की त्याच्यावर आली होती, ते रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

जन्मतारखेपाशी मी फार वेळ थांबले, कारण हे काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलं आहे. रजिस्टरला इंग्रजी तारीख लागते, आकड्यांत आणि अक्षरांत. बाप सांगणार शके आणि तिथी, तेही माहीत असेल तर. लिपिकाने शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, पौष-माघ आला तर एकोणऐंशी, आणि पंचांग उघडून तारीख काढायची. ज्यांच्या घरी पत्रिका होती त्यांच्या तारखा महिनाभर विखुरलेल्या दिसतात: ३, १७, २६. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्यासमोर १ जून. माझ्या काळातही आया सांगायच्या, "ऊस तुटत होता तवाचा हाय," "पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली." आपण १ जून लिहितो, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि वय बसवायला सोपं जातं. तेव्हाच्या लिपिकाने तेच केलं होतं. टेबलाशी पाच मिनिटांत ठरलेल्या त्या तारखेवर माणूस नोकरीला लागतो आणि तिच्यावरच निवृत्त होतो. ती बदलून घेण्यासाठी खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे १ जूनसमोरचं नाव मी कधी हलकं मानलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक अडचण आली. एकाच मुलाचे तीन क्रमांक. नाव तेच, बाप तोच, गाव तेच. १९११ मध्ये एक, १९१२ मध्ये दुसरा, त्याच वर्षाच्या शेवटी तिसरा. कर्मचारी म्हणाले तीन नोंदी धरू, आकडा वाढतो. मी फीचं पुस्तक काढलं. मुदतीत फी आली नाही की नाव कमी व्हायचं. पैसे जमले की मुलगा परत यायचा, आणि परत येणं म्हणजे नवा प्रवेश, नवा क्रमांक. हा मुलगा दोनदा बाहेर गेला आणि दोनदा परत आला. तात्या म्हणाले, "नोंदी तीन, पण माणूस एकच. शेऱ्यात लिहा." आम्ही तसंच लिहिलं. दुसऱ्या वेळेला त्याला नादारी मिळालेली दिसते. फीमाफीसाठी हा शब्द मला फार आवडतो असं नाही. नादार म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो, आणि तो शिक्का मुलाच्या नावापुढे बसायचा. पण नादारीशिवाय तो इंग्रजी पाचवीपर्यंत पोचला नसता.

हे सारं इतकं काटेकोर लिहिलेलं का, असं एका कर्मचाऱ्याने विचारलं. कारण ग्रँट. खासगी शाळेला सरकारी अनुदान हवं तर रजिस्टर, हजेरीपट, फीचं पुस्तक, सगळं नियमाप्रमाणे लागायचं. एज्युकेशनल इन्स्पेक्टर तपासणीला आला की वर्गात बसलेली मुलं आणि कॅटलॉगातली, म्हणजे हजेरीपटातली, नावं ताडून पाहायचा, आणि जाताना लॉग बुकात शेरा लिहायचा. आमच्या लॉग बुकात एका साहेबाने भूगोलाचे नकाशे कमी आहेत असं लिहिलंय आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने नकाशे आणल्याबद्दल समाधान नोंदवलंय. मधल्या वर्षात हेडमास्तरांनी नकाशांसाठी वर्गणी मागितल्याची पत्रं फायलीत आहेत. शाळा अशी चालायची. पगार त्या ग्रँटवर अवलंबून, म्हणून दौतीत शाई कमी पडली तरी रजिस्टरात ओळ कमी पडायची नाही.

वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'चांगली' एवढंच. पण हा रकाना त्या काळी जड होता. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचं एक परिपत्रक निघालं. गृहखात्याचे सचिव हर्बर्ट रिस्ली यांच्या नावाने ते ओळखलं जातं. विद्यार्थी राजकीय सभांना गेले तर शाळेचं अनुदान बंद होऊ शकेल, शिष्यवृत्त्या जाऊ शकतील, अशी ती ताकीद होती. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी 'चांगली' हा शब्द लिहिताना हेडमास्तर मुलाला वाचवत होते की शाळेला, हे प्रत्येक नोंदीत वेगळं असेल. एका ठिकाणी 'चांगली' खोडून दुसरं काही लिहिलंय आणि तेही खोडलंय. खाली सही आहे. भिंगाखाली धरूनही आम्हाला ते लागलं नाही.

१९२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एकाच आठवड्यात नऊ मुलं शाळा सोडून गेली. कारण सगळ्यांचं एकच लिहिलंय: पालकांच्या इच्छेवरून. नागपूरच्या काँग्रेसने डिसेंबर १९२० मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळा सोडायचं आवाहन केलं होतं, हे माहीत नसेल तर वाचणाऱ्याला वाटेल नऊ बापांना एकदम काय झालं. लिपिकाने असहकार हा शब्द टाळला. त्याने योग्यच केलं असं मला वाटतं. नऊपैकी पाच मुलं पुढच्या जूनमध्ये नव्या क्रमांकावर परत आली, त्यांच्या जुन्या दाखल्यावर वाकडा शब्द असता तर परत घेणं अवघड गेलं असतं. चार परत आली नाहीत.

आता मी ज्या रकान्यासाठी हे लिहायला घेतलं, तो. आमच्या प्रपत्राला फक्त जात हवी होती. डोळे त्या एका उभ्या पट्टीवरून खाली सरकवायचे आणि शब्द सापडला की क्रमांक टिपायचा. पण ओळ वाचायची सवय मोडत नाही. उजव्या पानाच्या टोकाला 'शाळा सोडण्याचे कारण' असायचं, आणि माझी नजर प्रत्येक वेळी तिथे जाऊन थांबायची. मॅट्रिक पास. वडिलांची बदली. रेल्वेत नोकरी. गाव सोडले. प्लेग. प्लेगच्या वर्षांत शाळाच बंद व्हायची, लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. शाळा उघडली की किती बाकं रिकामी आहेत ते रजिस्टरात कळायचं. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी मी एका दमात वाचू शकले नाही. इन्फ्लुएंझाची साथ. सात ओळींमध्ये चार वेळा 'मृत', एकदा दोन भाऊ एकाखाली एक. लिपिकाचं अक्षर मधेच बदलतं आणि महिनाभर दुसऱ्याच हाताचं राहतं. पहिलं अक्षर पुढे परत येतं. तेव्हा मला हायसं वाटलं.

मी घरून एक वही आणली आणि त्या रकान्यातलं जे नेहमीपेक्षा वेगळं असेल ते उतरून घेऊ लागले. १९२० नंतरच्या खंडांत मुलींची नावं तुरळक येऊ लागतात. त्यांच्यासमोर बहुतेक 'लग्न'. एका मुलीसमोर इंग्रजी सहावीत 'लग्न' आणि दीड वर्षाने नव्या क्रमांकावर तीच मुलगी, आडनाव दुसरं, पालक म्हणून सासऱ्याचं नाव, कारणाच्या रकान्यात 'मॅट्रिक पास'. हे मी तात्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

दिवाळीच्या सुट्टीतही आम्ही बसलो. लक्ष्मीपूजन सोडून. शोध चालू आहे हे गावात कळलं होतं, माणसं दाराशी यायची. एकाच घरात थोरल्या भावासमोर १९१४ ला कुणबी आणि धाकट्यासमोर १९२३ ला मराठा, असं दोन-तीन कुटुंबांत निघालं. खरं कुठलं, असं लोक विचारायचे. मी सांगायचे, बापाने त्या त्या दिवशी जे सांगितलं आणि लिपिकाने जे लिहिलं ते दोन्ही इथे आहे. उतारा दोन्हींचा देते. लिपिकाने आपल्या मनाने एक अक्षर घालायचं नाही आणि एक गाळायचं नाही. खाडाखोड असेल तर खाडाखोडीसह नक्कल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सत्तरीचे एक आजोबा आले. नातवाच्या प्रवेशासाठी कागद हवा होता. त्यांनी स्वतःच्या आजोबांचं नाव आणि गाव सांगितलं. "शिकले न्हाईत ते बाई. पळून आले साळंतनं, असं आमच्यात सांगत्यात. तिसरीत का कुठं होते म्हणं."

नोंद सापडली. १९१५, जात कुणबी, इंग्रजी तिसरीत नाव कमी. कारण: शेतीकामास हवा. आजोबांचं काम झालं होतं, उताऱ्याला एवढं पुरे. पण शेऱ्यात अर्जाचा क्रमांक होता, म्हणून मी तात्यांना त्या सालचा गठ्ठा सोडायला सांगितलं. त्यात राजाचा छाप असलेलं पाव आण्याचं कार्ड निघालं, पाठपोट मोडीत. तात्यांनी ते आधी मनात वाचलं, मग सावकाश, शब्द सुटा करत आमच्यासाठी. बापाने हेडमास्तरांना लिहिलं होतं की घरचा एक बैल कार्तिकात मेला आहे, दुसरा घ्यायची ऐपत नाही, पेरणी राहिली आहे, तेव्हा मुलाला घरी ठेवून घेतो. त्याचं नाव कमी करावं. मुलगा यायला तयार नव्हता, त्याला रागावून आणलं, मास्तरांनी त्याच्यावर राग धरू नये. आणि शेवटी, दोन महिन्यांची फी राहिली आहे ती सुगीवर आणून देईन.

आजोबा काही बोलले नाहीत. कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मोडी त्यांना येत नव्हती. "ह्यातलं त्येंचं नाव कुठलं?" तात्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मी फीचं पुस्तक पुढे ओढलं. नाव कमी झालेल्या मुलांची वसुली मागच्या पानांवर असते, बहुतेकांसमोर रेघ मारलेली. १९१६ च्या मार्चमध्ये, फाल्गुनात, तो क्रमांक होता. दोन महिन्यांची फी, दंडासह, रोख जमा. शेजारी आणणाऱ्याची सही: मुलाची स्वतःची, इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं आणि वळणदार.

उताऱ्याबरोबर त्या पानाचीही नक्कल मी त्यांना शिक्का मारून दिली. तिला कुठल्याच प्रपत्रात जागा नव्हती. त्यांनी ती चौघडी न करता पिशवीत वहीच्या पुठ्ठ्यात सरळ ठेवली आणि विचारलं, "बाई, ह्ये मोठं अक्षर त्येंनीच काढल्यालं म्हणायचं?"

"त्यांनीच," मी म्हटलं.